चेक खिशात जाईपर्यंत

माझ्या तोंडाला सगळी रेल्वे कॉलनी भिते, हे आधीच सांगून टाकते. रेशनच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं तर मी त्याला हिंदीत झाडते, मराठीत झाडते, आणि तरी हलला नाही तर परभणीच्या शिव्या आहेतच. त्यामुळं ब्याऐंशी सालच्या फेब्रुवारी-मार्चात मी एकवीस दिवस मूग गिळून बसले होते, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण बसले होते.

त्यातल्या तिसऱ्या दिवशी अलकाताई आमच्या क्वार्टरला आल्या. अलकाताई म्हणजे जयपूरच्या आमच्या मराठी स्नेहमंडळाच्या अध्यक्षा. त्यांचे सदाशिवराव विम्यात मोठे साहेब, पुण्याहून बदली होऊन आलेले. सात वर्षांत बाईंनी आमचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. आम्ही बौद्ध, माझे मालक गुलाबराव रेल्वेच्या डब्यांच्या शेडमध्ये फिटर. हळदीकुंकवाला आम्हाला बोलावणं नसायचं, पण हुरड्याला असायचं. कारण हुरडा भाजायला हात लागतात.

त्यांनी माझ्या हातात एक पत्रक ठेवलं. वर ठळक अक्षरांत होतं, ‘वणव्यात होरपळलेल्या मुक्या जिवांसाठी सढळ हाताने द्या.’ खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की जयपूरजवळच्या चाकसू गावाच्या अलीकडच्या टेकडीवर बकऱ्या चारणाऱ्या एका बाईच्या बिडीमुळं आग लागली.

“अलकाताई,” मी म्हटलं, “हे छापताना हात कसा धजला हो तुमचा?”

“हळू बोला,” त्या म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं. “वनखात्याच्या पंचनाम्यात तसं आहे. आपण नुसतं उतरवून घेतलं.”

“पंचनाम्यात आपली हुरड्याची आगटी नाही का?”

“नाही,” अलकाताई म्हणाल्या. “आणि ती यायलाही नको. आपण भरपाई करतोय ना? न बोलता करू. रेल्वे कॉलनी तुमच्याकडे.”

आता आगटीचं सांगते, म्हणजे कुणाची चूक ते कळेल. माझा भाऊ उत्तम पूर्णा स्टेशनला नोकरीला. त्यानं गुळभेंडी ज्वारीची दोन पोती कोवळी कणसं ओल्या गोणपाटात बांधून गाडीनं पाठवली होती. सात तारखेला, रविवारी, मंडळानं बस केली आणि आम्ही चाळीस माणसं त्या टेकडीच्या पायथ्याशी गेलो. खड्डा मी खणला. गोवऱ्या मी पेटवल्या. निखाऱ्यात कणसं खुपसायची, दाणे चोळायचे, साहेबलोकांच्या ताटात टाकायचे, असं दुपारभर चाललं होतं. अलकाताई सगळ्यांना सांगत होत्या, “बघा, खरा हुरडा कसा असतो ते! मतलब, हे पुण्यात हॉटेलात मिळतं तसं नव्हे.” आदल्या वर्षी जयपुरात मोठा पूर आला होता, तितका पाऊस झालेला, त्यामुळं टेकडीवर गवत कमरेएवढं माजलं होतं आणि आता कडकडीत वाळलं होतं.

निघायच्या वेळी हे म्हणाले, “अगं, तासभर थांबू. निवू दे आगटी.” बसवाला हॉर्न वाजवत होता. पोरं पेंगत होती. मी यांना हसले. म्हटलं, “आमच्या सात पिढ्या आगटी लावतात, तुम्ही मला शिकवू नका. माती ओढली की झालं.” आणि मी फावड्यानं माती ओढली, वरून पायानं थापली आणि हात झटकून बसमध्ये चढले.

चूक काय झाली, ते त्याच रात्री कळायला पाहिजे होतं. आमच्याकडं काळी माती. आगटीवर ओढली की चिकटून बसते, वारा तिला हलवू शकत नाही. इथं रेती. रात्री वारा सुटला, रेती उडाली आणि खालच्या गोवऱ्या उघड्या पडल्या. सोमवारी पहाटे टेकडी पेटली ती दोन दिवस जळत होती.

आठवड्यानं मंडळाची आठ-दहा माणसं बघायला गेलो. आमच्या खड्ड्यापासून काळा पट्टा निघून वर टेकडीवर गेलेला स्वच्छ दिसत होता, आंधळ्यालाही दिसला असता. सदाशिवराव पुढं झाले आणि बुटानं त्यांनी खड्डा सारखा करून टाकला. बस. तिथून अळीमिळी गुपचिळी.

मग वनखात्याच्या चौकीवर गेलो. मागं जुनी रोपवाटिका होती, तिथं होरपळलेली जनावरं ठेवली होती. दोन रोही म्हणजे नीलगाई, चार मोर, एक साळिंदर आणि एक तरस. देवराम म्हणून तिथला चौकीदार. तोही होरपळला होता, मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी होती. आम्हाला बघून म्हणाला, “आओ, आओ. तमाशा देखो.” आम्ही मोर बघितले. अलकाताईंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

तरसाकडं मात्र कुणी जाईना. मी गेले. तरस काही देखणं जनावर नाही. आमच्या गावात तर म्हणतात की ते मढी उकरतं. पण त्याचे चारी पंजे जळले होते. गादी म्हणतो ना आपण पंजाची, ती गळून पडली होती आणि आत लालभडक मांस होतं. उभं राहता येत नव्हतं म्हणून ते कोपरांवर सरकत होतं. केस जळल्याचा वास होता सगळीकडं. मला बघून ते गुरगुरलंसुद्धा नाही. हे मी केलं होतं, माझ्या या हातांनी, आणि वरून पायानं थापून आले होते.

“ह्याला मटण लागतं,” देवराम म्हणाला. “खात्यात त्याची सोय नाही. मी पदरचं किती दिवस आणू? डॉक्टर येतात, पण मलम कुठून आणायचं? पट्ट्या कुठून? पावसाळा लागेपर्यंत ही जनावरं सोडता यायची नाहीत.” मग चौकीच्या भिंतीकडं हात करून म्हणाला, “जिनं केलं ती बघा, तिथं बसलीये.”

भिंतीला टेकून एक बाई बसली होती. चाळिशीची असेल, घागरा-ओढणी, पाय धुळीनं पांढरे झालेले. ती पार्वती. तिच्या सात बकऱ्या खात्यानं कोंडवाड्यात घातल्या होत्या आणि ती रोज येऊन बसत होती. आम्हाला बघून ती ओरडलीच. म्हणाली, मी बिडी ओढते, होय ओढते, पण त्या दिवशी मी चाकसूच्या बाजारात होते, टेकडीवर नव्हते. बनियाला विचारा, तेलवाल्याला विचारा. “रोज तेच सांगते,” देवराम म्हणाला आणि तोंड फिरवलं. मीही फिरवलं.

अलकाताईंचं पत्रक हातात आलं तेव्हापासून मी वर्गणीला अशी जुंपले की कॉलनी हैराण झाली. शेठ-सावकार मोरांना देतील, रोह्यांना देतील, हे मला कळत होतं. तरसाला कोण देतं? म्हणून मी म्हटलं, तरसाचं मटण मी गोळा करणार. दारं वाजवत सुटले.

“तरसाला मटण?” शेजारची इंदुमती म्हणाली. “आमच्या पोरांना महिन्यातून एकदा मिळतं, रत्नमाला. डोकं फिरलं का तुझं?”

“फिरलंय. दोन रुपये काढ.”

“नाही काढणार.”

“मग मागच्या जयंतीला माझं पातेलं नेलंस, ते आण परत. आत्ता आण.” तिनं पातेलं आणलं आणि ते माझ्या पायाशी आपटलं, दोन रुपये काही दिले नाहीत. पॉइंट्समन भीमरावांनी पाच दिले आणि माझ्याकडं बघत म्हणाले, “बाबासाहेबांच्या जयंतीलाही तू कधी एवढी भांडली नाहीस. तुझं काय जळतंय बाई?” मी पावतीसुद्धा न फाडता तिथून निघाले. खाई त्याला खवखवे, दुसरं काय! मुरलीपुऱ्यातल्या एका वेल्डिंगवाल्याच्या मी इतकी मागं लागले की त्यानं कंटाळून तरसाच्या पिंजऱ्याची जाळी फुकट करून दिली आणि हात जोडून म्हणाला, आता परत येऊ नका.

दर गुरुवारी हे आणि मी मटण घेऊन बसनं चौकीवर जायचो. पार्वती भिंतीपाशी असायचीच. एकदा तिनं माझ्या पिशवीकडं बघितलं आणि देवरामला विचारलं, “जंगली जनावराला ही बाई गोश्त आणते. माझ्या बकऱ्यांना कोंडवाड्यात पाला कोण घालतं?” देवराम म्हणाला, “तुझ्या बकऱ्या सरकारी पाहुण्या आहेत.” तो हसला. मी पिशवी त्याच्या हातात दिली आणि बसची वाट धरली. घरी येऊन मात्र मी भांडी आपटली, यांच्यावर ओरडले आणि रडलेसुद्धा.

मार्च लागला तशा अलकाताई परत आल्या, या खेपेला खुशीत. जौहरी बाजारातले एक शेठ सापडले होते, जीवदयेला मोठी रक्कम देणारे. पावसाळ्यापर्यंतचं औषध, पट्ट्या, चारा आणि डॉक्टर, सगळं ते देणार होते. फक्त मटणाला आपला पैसा नको, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. सात मार्चला, रविवारी, धर्मशाळेच्या हॉलमध्ये समारंभ ठरला.

“आणि त्या पार्वतीलाही बोलावलंय,” अलकाताई म्हणाल्या. “स्टेजवर कान धरून माफी मागेल. लोकांच्या मनावर परिणाम होतो त्याचा. वनखात्याचे साहेब येणार आहेत, त्यांनी कबूल केलंय, जाहीर माफी मागितली की बकऱ्या सोडतील.”

“तिनं काही केलेलं नाही!” माझा आवाज बाहेर गेला असणार. “तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे! चोर सोडून संन्याशाला सुळी!”

“तिला बकऱ्या हव्यात, त्या मिळतील,” अलकाताई शांतपणे म्हणाल्या. “जनावरांना पैसे हवेत, ते मिळतील. ह्यात नुकसान कुणाचं? आणि तुम्हाला बोलायचंच असेल तर बोला ना, मी काय तोंड धरणार आहे? शेठजी उठून जातील. मग ते तरस, ते मोर, सगळं तुम्ही सांभाळा. हो, आणि आगटी कुणी बुजवली हेही सांगावं लागेल.”

असं सांगून त्या गेल्या. नाकानं कांदे सोलणारी बाई, पण बोलणं बिनतोड होतं. मी यांना विचारलं काय करू. हे स्टोव्हला पिन मारत बसले होते. मग म्हणाले, “नोकरीचं बघून घेऊ. तू तुझ्या मनाला विचार.” मी मनाला विचारलं आणि मनानं उत्तर दिलं, तेच आज सांगायला लाज वाटते. मनानं सांगितलं, चेक साहेबांच्या हातात पडू दे, मग बोल. म्हणजे जनावरंही वाचतात आणि पार्वतीही सुटते. मला वाटलं, वा रत्नमाला, काय डोकं आहे! ही युक्ती अलकाताईंची नाही, यांची नाही. माझी एकटीची.

हॉल भरला होता. दोनेकशे माणसं असतील. मी दुसऱ्या रांगेत बसले होते, कडेच्या खुर्चीवर, म्हणजे उठायला सोपं. भाषणं झाली, हार झाले, सदाशिवरावांनी वणव्याचं असं वर्णन केलं की एक बाई हुंदके द्यायला लागली. मग पार्वतीला वर आणलं. तिनं ओढणी नाकापर्यंत ओढली होती. अलकाताई माइकवर गोड आवाजात म्हणाल्या, “घूंघट जरा ऊपर कीजिए, सब को दिखना चाहिए.” पार्वतीनं ओढणी वर केली. दोन्ही हातांनी कान धरले. तिला पाठ करून घेतलेलं वाक्य आठवेना, तर अलकाताईंनी हळूच सांगितलं आणि तिनं ते तुकड्यातुकड्यानं म्हटलं, की माझ्या हातून पाप झालं, मुक्या जिवांनी मला माफ करावं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. तिला वाटलं झालं, तर अलकाताईंनी हातानंच थांबायची खूण केली, फोटो निघायचा होता. तशीच कान धरून ती उभी राहिली.

मी तिच्याकडं बघतच नव्हते. मी शेठजींच्या हातातल्या लिफाफ्याकडं बघत होते. तो वनखात्याच्या साहेबांच्या हातात गेला, साहेबांनी उघडून बघितला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मग मी उठले.

“आग इस बाई ने नहीं लगायी!” मी ओरडले. “मैंने लगायी. हुरडा भूनने का गड्ढा मैंने खोदा, मैंने बुझाया नहीं, ऊपर रेती डाल के चली गयी. ये सब लोग वहाँ थे. सब को मालूम है.”

अलकाताई हसायचा प्रयत्न करत म्हणाल्या, रत्नमालाबाई जरा भावुक झाल्या आहेत. मी म्हटलं, “भावुक काय? खड्डा तुमच्या नवऱ्यानं बुटानं बुजवला, तेव्हा मी शेजारी उभी होते!” मग गोंधळ उडाला. सदाशिवराव ताडकन उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आगटी ह्यांनीच लावली आणि ह्यांनीच विझवायची होती. मंडळाचा काय संबंध?” आणि तीन आठवडे ज्यांच्या तोंडाला कुलूप होतं, ती सगळी माणसं एकाएकी बोलायला लागली. हो, ह्यांनीच. गुलाबराव थांबा म्हणत होते, ह्यांनी ऐकलं नाही. मी स्वतः बघितलं. प्रत्येकाला सगळं लख्ख आठवत होतं. आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता, म्हणून मला भांडताही येईना.

शेठजी उठले. म्हातारे होते, दारात बसून मोजड्या घालत होते. मी त्यांच्याकडं धावत गेले, म्हटलं शेठजी, रागावून चेक परत घेऊ नका, जनावरांचा काही दोष नाही.

ते चकित झाले. “चेक क्यों लूँगा, बहनजी? पशु के लिए दिया है. आप पहले बता देतीं, तब भी देता.” आणि काठी टेकत ते पायऱ्या उतरून गेले.

मागं वळले तर पार्वती स्टेजच्या पायरीवर बसली होती आणि माझ्याकडं बघत होती.

पुढचं थोडक्यात. मी लेखी जबाब दिला. मला दंड झाला, यांना ऑफिसातून मेमो मिळाला आणि मंडळानं आमचं नाव काढून टाकलं. त्या शेवटच्या गोष्टीचं मला काडीचं दुःख नाही. पार्वतीच्या बकऱ्या सुटल्या. तरस एप्रिलात उभं राहिलं, लंगडत का होईना चालायला लागलं. देवराम म्हणाला, बाईजी, पाऊस पडला की सोडू.

मग मी पार्वतीकडं गेले. एकटीच. नवं पातळ नेसले होते, पिशवीत तिच्यासाठी ओढणी आणि किलोभर गूळ घेतला होता. खरं सांगायचं तर मला वाटत होतं ती माझा हात धरील. तिच्यासाठी दोनशे माणसांत उभी राहिले होते ना मी! टेकडीच्या अंगाला तिची झोपडी. ती दारात बसून बकरीच्या खुराला काहीतरी लावत होती. मी जाऊन समोर दगडावर बसले. एप्रिलचं ऊन, मी टोंक रोडवरून चालत आले होते, घसा कोरडा पडला होता. ह्या मुलखात दुश्मन दारात आला तरी आधी पाण्याचा लोटा पुढं करतात. तिनं केला नाही.

“सात नेल्या होत्या,” ती म्हणाली. “पाच आल्या. पाठी दोन होत्या, बकरीच्या कोवळ्या पोरी, त्या तिथंच मेल्या. पाला नव्हता.”

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं.

“आग तू लावलीस हे तुला कधी कळलं?”

“आठवड्यानं,” मी म्हटलं.

“मी भिंतीपाशी बसायचे, तेव्हा तू गोश्त घेऊन यायचीस.”

“हो.”

“आणि मी कान धरले, तेव्हा तू कुठं होतीस?”

“हॉलमध्येच. दुसऱ्या रांगेत.”

“मग आधी का नाही उठलीस?”

इथं खोटं बोलता आलं असतं. भीती वाटली म्हटलं असतं तर तिला पटलंही असतं. पण मी म्हटलं, “चेकसाठी थांबले. जनावरांसाठी.”

तिनं बकरीचा खूर हातातून सोडला. मग तिनं विचारलं, “ते तरस वाचलं?”

“वाचलं.”

“मग त्याच्याकडं जा,” पार्वती म्हणाली. “पाणी त्याच्याकडं माग.”

माझ्या आईला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं. त्याचा संताप मी जन्मभर केला, अजून करते, त्यात आमचा काही गुन्हा नव्हता. ह्या दारात मला पाणी मिळालं नाही ते माझ्या करणीनं, आणि माझ्या तोंडून एक शिवी निघेना. मी पिशवी उचलली. गूळ तिथं ठेवावा असं मनात आलं, पण ठेवायला हात झाला नाही. वाटेवर तिच्या बकऱ्या आडव्या बसल्या होत्या. तिनं त्यांना हाकारलं नाही. मी पातळ आवरून त्यांच्या कडेकडेनं, काट्यातून, खाली उतरले.